वाकलेल्या तलवारीची गोष्ट

लोखंड आणि पोलाद यांतला फरक समजावून सांगताना आम्ही अनेक वर्षे एक गोष्ट सांगत आलो. प्राचीन केल्ट योद्धे लांब तलवारी घेऊन मोठ्या आवेशाने रोमनांवर धावून जात. पण त्यांची तलवार मऊ लोखंडाची. पहिल्याच घावाला ती वाकायची. मग योद्ध्याने ती जमिनीवर टेकवायची, पायाने दाबून सरळ करायची आणि पुन्हा लढायला उभे राहायचे. तेवढ्यात समोरचा रोमन सैनिक आपले काम उरकून घ्यायचा. ही गोष्ट ऐकून मुले हसतात, आणि लोखंडात थोडासा कर्ब मिसळल्याने काय फरक पडतो हे त्यांच्या चांगले लक्षात राहते.

एका विज्ञान शिबिरात ही गोष्ट सांगून झाल्यावर अकरावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तलवार पहिल्याच घावाला वाकत होती, तर या लोकांनी रोम कसे लुटले? आणि शेकडो वर्षे तीच तलवार का वापरली?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्या गोष्टीच्या आधारे आम्ही विज्ञान शिकवत होतो, ती गोष्ट आम्ही स्वतः कधी तपासलीच नव्हती. मग आम्ही ती तपासायला घेतली. त्या शोधात जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

केल्ट म्हणजे कोण?

ग्रीक लोक ज्यांना 'केल्टॉय' आणि रोमन लोक ज्यांना 'गॉल' म्हणत, ते लोक आल्प्सच्या उत्तरेकडील मध्य व पश्चिम युरोपात राहत होते. ते एका राजाच्या अमलाखाली नव्हते. अनेक टोळ्या, परस्परांशी मिळत्याजुळत्या भाषा आणि वस्तू घडवण्याच्या सारख्या पद्धती असे त्यांचे स्वरूप होते. स्वित्झर्लंडमधील नूशातेल सरोवराचे पाणी १८५७ मध्ये बरेच खाली गेले, तेव्हा काठावरच्या ला तेन या ठिकाणी त्यांच्या वस्तू मोठ्या संख्येने सापडू लागल्या. त्यांत दीडशेहून अधिक तलवारी होत्या. त्या ठिकाणाचे नाव पुढे या संस्कृतीच्या उत्तर कालखंडाला, म्हणजे इ.स.पूर्व सुमारे ४५० पासूनच्या काळाला, मिळाले.

इ.स.पूर्व ३९० च्या सुमारास केल्टांच्या एका सैन्याने आलिया नदीकाठी रोमनांचा पराभव केला आणि रोम शहर लुटले. लढाईचा तो दिवस, १८ जुलै, रोमन लोक पुढे कित्येक शतके अशुभ मानत होते. इ.स.पूर्व २७९ मध्ये केल्टांची दुसरी एक फौज ग्रीसमध्ये डेल्फीपर्यंत जाऊन धडकली. त्यांच्यातलेच काही जण पुढे आजच्या तुर्कस्तानात जाऊन स्थायिक झाले.

असे असूनही या लोकांनी आपल्या लढायांची हकिगत स्वतः लिहून ठेवलेली नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती असे मात्र नाही. हिशेब व इतर व्यवहारांसाठी ते ग्रीक अक्षरे वापरतात, पण त्यांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, आपली विद्या लिहून न ठेवता तोंडपाठ करून घेतात, असे सीझरने नोंदवले आहे. परिणामी केल्ट योद्ध्यांचे जे वर्णन आपल्यापर्यंत पोचले, ते जवळजवळ सगळे त्यांच्या शत्रूंनी किंवा शत्रूंच्या मित्रांनी केलेले आहे. आपल्या तलवारीच्या गोष्टीचा उगमही तिथेच आहे.

तेलामॉनची लढाई

केल्टांच्या युद्धपद्धतीचे सर्वांत तपशीलवार वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने केले आहे. इ.स.पूर्व २२५ मध्ये इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर तेलामॉनजवळ केल्टांचे सैन्य दोन रोमन सैन्यांच्या कात्रीत सापडले. तेव्हा त्यांनी पाठीला पाठ लावून दोन्ही दिशांना तोंडे केली. दोन्ही टोकांना गाडे आणि रथ उभे केले. इन्सुब्रेस आणि बोई या टोळ्यांचे योद्धे विजारी घालून, अंगावर हलके झगे घेऊन उभे होते. पण सर्वांत पुढे उभ्या असलेल्या गेसाती योद्ध्यांनी अंगावरचे कपडे काढून टाकले होते. तिथल्या काटेरी झुडपांत कपडे अडकून हत्यार चालवणे कठीण होईल, हे त्याचे एक कारण पॉलिबियस देतो. दुसरे कारण त्यांचा आत्मविश्वास. त्यांच्या गळ्यांत सोन्याचे जाड पिळाचे अलंकार होते. असंख्य शिंगे आणि कर्णे एकाच वेळी वाजू लागले आणि त्यांत सगळ्या सैन्याची आरोळी मिसळली, तेव्हा आजूबाजूच्या टेकड्याच ओरडत आहेत असे वाटले, असे तो सांगतो.

हा आवाज कसा असेल, याची थोडी कल्पना आता करता येते. 'कार्निक्स' नावाचा उंच उभा धरायचा, वर जनावराचे तोंड असलेला ब्राँझचा कर्णा केल्ट लोक वापरत. फ्रान्समधील तँतीन्याक येथे २००४ मध्ये अशा सात कर्ण्यांचे अवशेष एकाच खड्ड्यात सापडले. त्यांच्या आधारे तयार केलेल्या प्रतिकृती आज वाजवल्या जातात. कर्ण्याचे तोंड माणसांच्या डोक्यांच्या वर असल्याने त्याचा आवाज समोरच्या गर्दीत न अडता दूरवर जात असणार.

लढाईत एक रोमन कॉन्सल मारला गेला आणि त्याचे शिर कापून केल्ट राजांकडे नेण्यात आले. पण रोमनांच्या भालाफेक्यांनी पुढच्या उघड्या योद्ध्यांची चाळण केली. केल्टांच्या ढालीने सगळे अंग झाकले जात नव्हते. चहूबाजूंनी कोंडलेले केल्ट जागच्या जागी लढले आणि त्यांचे ४० हजार लोक मारले गेले, असा आकडा पॉलिबियस देतो. धैर्यात ते कमी पडले नाहीत, हत्यारांत कमी पडले, हा त्याचा निष्कर्ष. त्यांची तलवार फक्त वरून घाव घालण्याच्या कामाची होती, भोसकण्याच्या नव्हे, असेही तो म्हणतो. तलवारी वाकल्याची हकिगत मात्र तो दोन वर्षांनंतरच्या, म्हणजे इ.स.पूर्व २२३ च्या लढाईत सांगतो.

आता तारखा पाहू. पॉलिबियसचा जन्म इ.स.पूर्व २०० च्या सुमाराचा. म्हणजे या लढाया त्याच्या जन्माआधीच्या. त्याने त्यांबद्दल लिहिले ते साधारण सत्तर वर्षांनी. त्याला आधार मिळाला तो मुख्यतः रोमन लिखाणाचा, त्यातही फाबियस पिक्टर या रोमन सेनेटरच्या इतिहासाचा. रोमन घराण्यांशी पॉलिबियसचे निकटचे संबंध होते. एवढ्यावरून त्याची हकिगत खोटी ठरत नाही, पण ती ताडून पाहिली पाहिजे हे नक्की.

तलवारीची तपासणी

ताडून पाहायला दुसरा ग्रीक साक्षीदार आहे. बायझँटियमचा फिलो हा इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातला यंत्रविद्येवर लिहिणारा लेखक. केल्ट आणि स्पॅनिश तलवारींची परीक्षा कशी घेतात हे त्याने सांगितले आहे. तलवार डोक्यावर आडवी धरायची, दोन्ही हातांनी मूठ आणि टोक खाली ओढून खांद्यांना टेकवायचे आणि मग सोडून द्यायचे. चांगली तलवार झटकन पूर्ववत सरळ होते, तिच्यात वाक राहत नाही. एक लेखक सांगतो की केल्टांची तलवार वाकली की वाकलेलीच राहते. दुसरा सांगतो की कमानीसारखी वाकवली तरी ती सरळ होते. आता तलवारीलाच विचारायला हवे.

धातुशास्त्रज्ञ ते असे विचारतात. पात्याचा अगदी लहान तुकडा कापून घेतात, घासून आरशासारखा गुळगुळीत करतात, त्याच्यावर सौम्य आम्लाची प्रक्रिया करतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. शुद्ध लोखंडाचे, म्हणजे फेराइटचे, फिकट दाणे दिसतात. जिथे कर्ब आहे तिथे पर्लाइटचे गडद, बारीक पट्ट्यांचे भाग दिसतात. या भागांच्या प्रमाणावरून कर्ब किती होता, आणि दाण्यांच्या आकारावरून लोहाराने पाते कसे तापवले व थंड केले, याचा अंदाज बांधता येतो.

चेक पुरातत्त्वज्ञ रादोमीर प्लाइनर यांनी केल्टिक तलवारींच्या अशा तपासण्यांचा आढावा १९९३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की पॉलिबियसने वर्णन केली तशी हलक्या प्रतीची तलवार तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच होती. बाकीच्या त्याहून चांगल्या होत्या. काहींमध्ये मऊ लोखंडाचे आणि पोलादाचे पट्टे तापवून, ठोकून एकजीव केलेले होते.

एवढा फरक का, हे त्या काळची भट्टी पाहिली की कळते. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस तापमान लागते. लोणारी कोळसा आणि भाता यांच्या जोरावर चालणारी त्यांची भट्टी साधारण १२०० अंशांपर्यंत तापे. त्यामुळे लोखंड वितळून वाहत नसे. मळी मिसळलेला स्पंजासारखा गोळा तयार होई. तो पुन्हा पुन्हा तापवून, घणाने ठोकून मळी बाहेर काढावी लागे. गोळ्याच्या एका भागात कोळशातला कर्ब जास्त शिरे, दुसऱ्या भागात कमी. कोणता भाग मऊ आणि कोणता कठीण हे लोहाराला हाताच्या अंदाजाने ओळखावे लागे. त्यामुळे अनुभवी लोहाराची तलवार आणि घाईने सैन्यासाठी घडवलेली तलवार यांत फरक पडणारच. शिवाय लोहारासमोर आणखी एक पेच असतो. पाते फार कठीण केले तर ते घावाने तुटते. वाकलेली तलवार सरळ करता येते, तुटलेली करता येत नाही. पात्यात थोडा मऊपणा ठेवणे हा शहाणपणाचा निर्णयही असू शकतो.

टोकाबद्दलचे विधानही तपासता येते. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील बहुतेक केल्टिक तलवारींना भोसकता येईल असे टोक होते. फार लांब आणि बोथट टोकाच्या तलवारी प्रामुख्याने नंतरच्या काळात दिसतात. म्हणजे पॉलिबियसने आपल्या काळातील तलवार आधीच्या लढाईत नेऊन ठेवली असण्याची शक्यता आहे.

मुद्दाम वाकवलेल्या तलवारी

केल्टांच्या थडग्यांमध्ये खरोखरच वाकलेल्या, कधीकधी तर घडी घातल्यासारख्या दुमडलेल्या तलवारी सापडतात. पण त्या लढाईत वाकलेल्या नाहीत. मृत योद्ध्याबरोबर त्याची तलवारही 'मारून' पुरण्याची रीत होती. उत्तर फ्रान्समधील गूर्ने-स्युर-आरोंद येथील देवस्थानाच्या खंदकात अशी सुमारे २००० शस्त्रे व त्यांचे भाग मिळाले. तलवारी, म्याने, भाले, ढाली असे सगळे आधी तिथे ठेवले गेले होते आणि मग हेतुपुरस्सर मोडून, वाकवून खंदकात टाकले गेले होते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ सालोमाँ रेनाक यांनी १९०६ मध्ये असे सुचवले होते की अशा वाकलेल्या तलवारी पाहूनच कोणीतरी ही युद्धातली गोष्ट रचली असावी. हे सिद्ध करता येत नाही, पण विचारात घेण्यासारखे आहे.

इथे तपासणाऱ्यानेही सावध राहायला हवे. मृताबरोबर चितेवर ठेवलेली तलवार तापून सावकाश थंड झाली की मऊ पडते. तिचा मऊपणा मोजून तिच्या मालकाने मऊ तलवारीने लढाई केली असे म्हणणे चूक ठरेल.

उघडे अंग आणि लोखंडी कड्या

'उघड्या अंगाने लढणारे रानटी लोक' हे केल्टांचे चित्र आजही पुस्तकांत दिसते. पॉलिबियसच्या हकिगतीत उघडे होते ते एकट्या गेसाती टोळीचे लोक. त्यांच्या मागचे योद्धे कपडे घालून होते. आणि लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले चिलखत, जे पुढे रोमन सैन्याची ओळखच बनले, ते गॉल लोकांनी शोधले असे वारो हा रोमन विद्वान सांगतो. पुरावा त्याच्या बाजूने आहे. रुमानियातील चिउमेश्ती येथे १९६१ मध्ये केल्टिक योद्ध्याच्या थडग्यात अशा चिलखताचे अवशेष आणि पंख पसरलेला पक्षी बसवलेले शिरस्त्राण मिळाले. ते इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे, म्हणजे तेलामॉनच्याच आगेमागे.

एका चिलखतात हजारो कड्या असतात आणि त्या तयार करून जोडायला कारागिराचे कित्येक महिने लागतात. ते श्रीमंतालाच परवडणार. म्हणून केल्टांच्या एकाच सैन्यात चिलखत घातलेला सरदार आणि फक्त ढाल-भाला घेतलेला साधा योद्धा असे दोघेही असू शकत. रोमनांनी चिलखताप्रमाणेच काही शिरस्त्राणांचे घाटही केल्टांकडून उचलले. ज्यांची हत्यारे हलक्या प्रतीची म्हणून हिणवायची, त्यांचीच साधने आपल्या सैन्याला द्यायची, हे थोडे विचित्रच.

कापलेली शिरे

शत्रूने लिहिलेले सगळेच खोटे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पोसिडोनियस हा ग्रीक विद्वान इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या प्रारंभी दक्षिण गॉलमध्ये हिंडला होता. त्याचे पुस्तक हरवले, पण स्ट्रॅबो आणि डायोडोरस यांनी त्यातून घेतलेली माहिती उरली आहे. केल्ट योद्धे मारलेल्या शत्रूचे शिर कापून घोड्याच्या गळ्यात अडकवतात, घराला खिळ्यांनी ठोकतात आणि विशेष प्रतिष्ठित शत्रूचे शिर देवदाराच्या तेलात जपून पाहुण्यांना दाखवतात, असे त्यात आहे. वाचल्यावर हा शत्रूला बदनाम करण्याचा प्रकार वाटतो.

पण दक्षिण फ्रान्समधील ल कायलार या गावी, जुन्या वस्तीच्या वेशीजवळ, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील कवट्यांचे तुकडे शस्त्रांसह सापडले. त्यांचे रासायनिक पृथक्करण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही तुकड्यांत पाइन कुळातील झाडांच्या राळेचे अंश मिळाले. शिरांना टिकवण्यासाठी चीकट द्रव्य लावले जात होते, ही गोष्ट खरी ठरली. ती शिरे शत्रूंची होती की आपल्याच मान्यवरांची, हे मात्र राळ सांगू शकत नाही. रसायनशास्त्राने जेवढे सांगितले तेवढेच घ्यावे.

रथ आणि त्याची धाव

इ.स.पूर्व ५५ मध्ये सीझर ब्रिटनमध्ये उतरला तेव्हा त्याला रथांशी सामना करावा लागला. गॉलमध्ये तोवर रथांची लढाई मागे पडली होती. ब्रिटनचे योद्धे आधी रथ चौफेर पळवत भाले फेकतात, चाकांच्या खडखडाटानेच शत्रूच्या रांगा विस्कळीत करतात, मग उड्या मारून पायी लढतात. सारथी रथ जवळच उभा ठेवतो आणि गरज पडताच त्यांना घेऊन निघून जातो, असे तो लिहितो. त्याच्या लिखाणात इथे कौतुक स्पष्ट दिसते. इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये माणसाबरोबर रथ पुरलेली अनेक थडगी मिळाली आहेत. त्यांतील २००१ मध्ये वेटवँग येथे उघडलेल्या थडग्यात तर एक स्त्री होती. रथ दिसला की योद्धा पुरुषच, हे समीकरणही म्हणून सोडून द्यावे लागते.

या रथांच्या चाकांना अखंड लोखंडी धाव असे आणि ती बहुधा खिळ्यांशिवाय बसवलेली असे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात आणि पाणी ओतून आवळतात, तीच ही पद्धत. उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचे पाठ्यपुस्तकातले उदाहरण दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्ट लोहाराच्या हातात होते.

वाकणारे लोखंड कोणाचे?

शेवटी पुन्हा वाकणाऱ्या लोखंडाकडे येऊ. इ.स.पूर्व ५८ मध्ये सीझरची हेल्वेती या केल्ट टोळीशी लढाई झाली. रोमनांनी फेकलेले भाले केल्टांच्या ढालींत घुसले आणि त्यांचे लोखंड तिथेच वाकले. ते उपटून निघेना. एकेका भाल्याने दोन-दोन ढाली एकत्र जखडल्या गेल्या. अखेर पुष्कळांनी ढाली टाकून दिल्या आणि ते उघड्या अंगाने लढले, असे सीझर म्हणतो. इथे 'उघड्या' म्हणजे ढालीच्या आडोशाविना, हेही लक्षात घ्यावे.

तेच लोखंड. केल्टाच्या हातात वाकले तर मागासलेपण, रोमनाच्या भाल्यात वाकले तर युक्ती. आम्ही इतकी वर्षे या दोन गोष्टींपैकी एकच सांगत होतो, आणि ती जिंकणाऱ्याच्या बाजूची होती.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिवणकामाच्या तीन सारख्या सुया घ्याव्यात. पहिली तशीच ठेवावी. दुसरी चिमट्यात धरून ज्योतीत लाल करावी आणि हवेत सावकाश थंड होऊ द्यावी. तिसरी तशीच लाल करून लगेच पाण्यात बुडवावी. मग प्रत्येक सुई जाड कापडात धरून, तुकडे उडणार नाहीत अशी काळजी घेऊन, पकडीने वाकवावी. पहिली थोडी वाकून परत सरळ होते. फार वाकवली तर तुटते. दुसरी सहज वाकते आणि वाकलेलीच राहते. तिसरी काचेसारखी तुटते. धातू एकच, कर्बही तेवढाच, पण वागणूक तीन प्रकारची.

प्रयोग झाल्यावर मुलांना पॉलिबियसची आणि फिलोची हकिगत शेजारी-शेजारी सांगावी आणि विचारावे : दोघांनी वेगवेगळ्या तलवारी पाहिल्या असतील का? दोघांपैकी कोणी स्वतः पाहिले, कोणी ऐकले? खात्री करून घ्यायला आणखी काय तपासावे लागेल? इतिहासाच्या शिक्षकांनी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून हा तास घेतला तर अधिकच चांगले.

त्या मुलीला आम्ही पुढे पत्राने उत्तर कळवले. आता शिबिरात आम्ही तलवारीची गोष्ट अजूनही सांगतो, फक्त तिचा प्रश्नही सोबत सांगतो.